तीस गुंठे माळ आणि धायटी: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

धायटीचं बी तपकिरीसारखं बारीक असतं. हे मला २०१८ च्या एप्रिलमध्ये कळलं. त्याचा अर्थ कळायला २०२० उजाडलं. मधल्या दोन पावसाळ्यांत आम्हांला एकही रोप उभं करता आलं नाही. आमच्या भागात या झुडपाला कधी कुणी पाणी घातलेलं नाही, खत घातलेलं नाही, तरी ते डोंगरभर वाढतं. मग आमच्याच हातून ते का जगत नाही, हे काही केल्या उमजेना. पुढे ते जगलं, जळलं, पुन्हा फुटलं, एका वर्षी माझ्याच कात्रीमुळे फुलायचं राहिलं. आता जानेवारी लागला की आमच्या माळावर सकाळी सकाळी शिंजिरांची, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पाखरांची, भांडणं ऐकू येतात. हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, कारण ‘देशी झाडं लावा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण रोप कुठून आणायचं, बी कसं पेरायचं, फांदी कधी छाटायची हे विचारलं की तिथेच गाडी अडते.

जागा

बेळगाव जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ऊस येतो. तो अथणी, रायबाग, चिकोडीकडचा. आमचं शेत खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटीच्या बाजूला. इथे भात, रताळी, काजू आणि पाठीमागे सह्याद्रीचं रान. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, देगावच्या बाजूला म्हादई. भीमगडचं अभयारण्य याच तालुक्यात, २०११ साली जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. पाऊस इतका की जूनमध्ये वाळत टाकलेलं कापड गणपतीपर्यंत दमटच राहतं. आणि फेब्रुवारी आला की तीच जमीन तव्यासारखी.

आमचा माळ तीस गुंठ्यांचा. जांभ्याचा खडक जागोजागी वर आलेला, त्यावर बोट-दोन बोटं तांबडी माती. वरच्या अंगाला काजू, खालच्या अंगाला भाताची खाचरं, आणि कडेने एक ओढा, जो शिमग्याच्या आधीच आटतो. या माळात पीक म्हणून काही घेण्यासारखं नव्हतंच. रानमोडी आणि घाणेरी यांनी तो बळकावलेला होता. दोन्ही परदेशातून आलेली. रानमोडी डिसेंबर-जानेवारीत फुलते, तिचं बी कापसासारखं वाऱ्यावर उडतं, आणि उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काटक्या काडीपेटीची वाट बघत उभ्या असतात.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, याच माळावर गुरं राखत मोठे झाले. ते सांगायचे, ओढ्याच्या दोन्ही काठांनी धायटी होती. “धायटीची फुलं चोखत चोखत शाळंला जायचो आमी. घरात साखर कुठली आलीया!” पुढे ती सरपणाला तुटत गेली. तुटली तरी फुटायची, पण रानमोडी आल्यावर नवं रोप उगवायचं थांबलं आणि म्हातारी खोडं एकेक करून गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या हद्दीत एकही धायटी नव्हती. होती ती रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या उतारावर.

दिरांच्या पाच मधपेट्या आहेत, सातेरी माशीच्या. मार्च ते मे हा आमच्याकडे मधाचा मोठा हंगाम. जांभूळ, हिरडा, अंजनी तेव्हाच फुलतात. पण त्या बहराला पेटी भरलेली हवी असेल तर माशी आधीच वाढलेली लागते. जानेवारी-फेब्रुवारीत तिला खायला काय, हा दिरांचा प्रश्न होता. धायटी नेमकी तेव्हा फुलते. माझा ओढा पाखरांकडे, त्यांचा माश्यांकडे. दोघांची गरज एकाच झुडपावर येऊन थांबली.

धायटी म्हणजे काय

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं. धायटी मेंदीच्या कुळातली. डाळिंब, तामण, नाणा हे तिचे भाऊबंद. माणसाच्या डोक्याइतकी ते त्याहून थोडी उंच, खालपासूनच फुटवे घेणारी, लांब कमानदार फांद्यांची. पानं समोरासमोर जोडीने, भाल्याच्या पात्यासारखी, खालून करडी, आणि त्या करड्या अंगावर बारीक काळे ठिपके. फुलं नसताना ओळखायची तर पान उलटून ते ठिपके बघायचे.

फुलात जे तांबडं दिसतं ती पाकळी नव्हे. दीडेक सेंटीमीटरची नळी असते, तो पुष्पकोश. पाकळ्या इतक्या चिमुकल्या की नळीच्या दातांमध्ये शोधाव्या लागतात. बारा पुंकेसर नळीबाहेर डोकावतात आणि मध नळीच्या तळाशी. शिंजिराची चोच आत जाते तेव्हा त्याच्या कपाळाला परागांची पूड लागते आणि तो ती पुढच्या फुलाला नेऊन देतो. फूल सुकलं तरी नळी गळत नाही. तिच्यातच बोंड पिकतं. संस्कृतात तिला धातकी, ताम्रपुष्पी, अग्निज्वाला अशी नावं आहेत, आणि आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला तिचीच सुकी फुलं घालतात. फुलांवर असलेलं नैसर्गिक यीस्ट ते काम करतं. घरात दशमूलारिष्टाची बाटली असेल तर धायटी तुमच्या कपाटात आधीच येऊन बसलेली आहे.

रोपं शोधायला आम्ही आधी रोपवाटिकांत गेलो. एकीत गुलमोहर, बाटलीब्रश, रंगीत कण्हेर, सगळं होतं. तिथला माणूस कन्नड बोलणारा, त्याला ‘धायटी’ कळेना, मला तिचं कन्नड नाव येईना. शेवटी मी ‘धातकी’ म्हटलं आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने दोन महिन्यांनी या म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी पंचवीस रोपं घेऊन आलो, पैसे मोजून. पिशव्यांत निघाली ती भलतीच झुडपं. पानाखाली ठिपका नाही, पानं समोरासमोर नाहीत. तेव्हा मला पान उलटून बघायचं माहीत नव्हतं. ते पैसे गेले, आणि एक पावसाळाही गेला असता, पण तोवर मी स्वतःच बी गोळा करायला लागले होते.

दोन पावसाळे, एकही रोप नाही

एप्रिलच्या शेवटी रस्त्याकडेच्या झुडपांवरून सुकलेल्या नळ्या ओरबाडून आणल्या. अभयारण्याच्या हद्दीत आम्ही पाऊल टाकलं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून काही आणणं बंद आहे, आणि बाहेर इतकी धायटी असताना त्याची गरजही नव्हती. नळ्या तळहातावर चोळल्या. भुसा फुंकरीने उडवला. तळहाताच्या रेषांत उरली ती तपकिरी पूड, आणि तेच बी. एका चिमटीत शेकड्याने.

मी शिक्षिका. मुलांना बी पेरायचं शिकवताना ‘बोटाच्या पेराइतकं खोल’ असं वर्षानुवर्षं सांगत आले. तसंच केलं. काळ्या पिशव्यांत माती, शेणखत आणि राख भरली, पेरभर खोल भोक पाडलं, चिमूट सोडली, मातीने झाकलं, झारीने पाणी दिलं. जून गेला, जुलै गेला. पिशव्यांत तण उगवलं, आंबाडी उगवली, शेणातून आलेला राजगिरा उगवला. धायटीचं एक पान नाही. आता कळतं, की त्या धुळीएवढ्या दाण्यात पेरभर माती भेदून वर यायची ताकदच नसते. शिधाच नसतो त्याच्याजवळ.

पुढच्या वर्षी, २०१९ ला, कुणीतरी सांगितलं म्हणून बी वर पेरलं, झाकलं नाही. पण वाफा उघड्यावर होता. मृगाचा पहिला वळीव असा आला की वाफ्यातली माती उडून भिंतीला हातभर उंच लागली. बी कुठे गेलं ते ओढ्याला माहीत. ऑगस्टमध्ये जो पाऊस झाला तो बेळगाव जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. नद्यांना महापूर आले, घरं पडली, गोठे पडले. आमच्याकडे उतारावरची बांधाची कड खचली. त्या दिवसांत धायटीचं नावही कुणी काढलं नाही.

ऑक्टोबरात मामांनी मला हाक मारली. आदल्या हिवाळ्यात रस्ता रुंद करताना यंत्राने डोंगराची कड सरळ कापली होती. ठेकेदाराने तेव्हा धायटीची दहा-बारा जुनी झुडपं मुळासकट उपटून खाली ढकलली, आणि मी त्यावरून बरीच चरफडले होते. त्याच कापलेल्या कड्यावर, नुसत्या तांबड्या जांभ्यावर, जिथे वरून पाणी झिरपत होतं आणि शेवाळाचा पातळ थर धरला होता, तिथे बोट-बोट उंचीची रोपं उभी होती. मी पान उलटलं. ठिपके.

“बघ पोरी,” मामा म्हणाले, “हितं कुणी खत घातलंय काय? कुणी पाणी मारलंय काय? तरी कशी उगवालीत बघ की.”

मी त्या कड्यासमोर बराच वेळ बसले. पालापाचोळा नाही, गवत नाही, वरून थेंबांचा मार नाही कारण कड उभी. पाणी आतून झिरपतंय, उजेड भरपूर, मातीत कस जवळजवळ नाही. आम्ही दोन वर्षं जे जे केलं ते याच्या उलट होतं. सुपीक माती दिली, तिच्यात बुरशी आणि तण पोसलं. बी झाकून अंधार केला. झारीने ते वाहवून दिलं. आमच्या काळजीनेच ते मेलं, आणि हे लिहितानाही मला वाईट वाटतं.

परळातली पेरणी

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. सीमेवरच्या गावांत तेव्हा कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातल्या वाटा बंद झाल्या. माझं माहेर चंदगडकडचं, तिकडे जाणंही थांबलं. शाळा बंद. त्या उन्हाळ्यात मी धायटीच्या मागे लागले.

खानापूरची माती भांड्यांना चांगली; आमच्याकडे कुंभारकामाची जुनी परंपरा आहे. घरात चार मातीचे परळ, म्हणजे पसरट भांडी, होते, बिनरंगवलेले, सच्छिद्र. त्यांच्या बुडाला बारीक भोकं पाडली. तळाला कौलाचे तुकडे, वर कड्याखालचीच तांबडी माती आणि ओढ्यातली जाड वाळू, निम्मी-निम्मी, पिठाच्या चाळणीने चाळून. शेणखत अजिबात नाही. तणाचं बी मरावं म्हणून ती माती आधी चुलीवरच्या पत्र्यावर भाजून घेतली. परळ पाण्याच्या परातीत ठेवले. पाणी खालून चढत आलं आणि वरची माती काळपट झाली तेव्हा बाहेर काढले. मग एक चिमूट बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून, रांगोळी सोडतात तसं वरून सोडलं. झाकलं नाही, दाबलं नाही. वर काचेचा तुकडा, आणि परळ पडवीत, जिथे ऊन येतं पण पाऊस येत नाही.

पंधराव्या दिवशी मातीवर हिरवी धूळ बसल्यासारखी दिसली. मी चाळीशी लावून वाकले. मोहरीच्या दाण्याहून लहान दोन पानं, आणि तशी शंभरेक. मामांना बोलावलं, त्यांना ती दिसेनात. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

काच मी चार दिवस उशिरा काढली. एका परळातली रोपं त्या दमटपणात एका रात्रीत लोळली, बुरशीने. उरलेल्या तीन परळांवरची काच लगेच काढली, तेव्हा ती वाचली. पाणी शेवटपर्यंत खालूनच दिलं. दोन महिन्यांनी, चार-सहा पानं आल्यावर, उदबत्तीच्या काडीने एकेक रोप उचलून छोट्या पिशव्यांत लावलं. मातीत तेव्हाही खत नाही. पिशवीत गेल्यावर महिन्याने पातळ शेणपाणी, तेवढंच. पहिलं वर्षभर ती अतिशय सावकाश वाढतात. वर काही दिसत नाही म्हणून पुष्कळ लोक याच टप्प्यावर कंटाळून टाकून देतील. तेव्हा त्यांचं सगळं काम खाली, मुळांत चाललेलं असतं. पिशवी फाडून बघितली तेव्हा वीतभर रोपाखाली मुळांचा पुंजका मुठीएवढा होता.

त्याच पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या साठ काड्याही लावून बघितल्या, औषध न लावता. अकरा धरल्या. काडी लवकर मोठी होते हे खरं, पण सगळी काडीरोपं एकाच झुडपाची नक्कल. मला माळावर निरनिराळी झाडं हवी होती, थोडी आधी फुलणारी, थोडी मागाहून फुलणारी, म्हणजे पाखरांचं ताट लांबेल. म्हणून काड्या तिथेच सोडल्या.

लागवड

जून २०२१ मध्ये पावणेदोनशेच्या आसपास रोपं माळावर गेली. ओढ्याच्या काठाने दाट, बांधाच्या कडेने पाच-सहा फुटांवर एक, आणि मधल्या खडकाळ भागात तीन-तीन, चार-चारचे पुंजके. एकटं झुडूप पाखराला दुरून दिसत नाही, पुंजका दिसतो. खड्डे फूटभर, खत न घालता.

रानमोडी आम्ही एकदम साफ केली नाही. जूनमध्ये माती भिजल्यावर ती मुळासकट हाताने येते, तेव्हा फक्त रोपांभोवती चार-चार फूट काढली. पुढच्या पावसाळ्यात आणखी थोडी. फुलायच्या आत काढायची, एवढा एकच नियम. घाणेरीचं मात्र मला अवघड गेलं. तिच्यावर फुलपाखरं बसतात, बुलबुल तिची फळं खातात, ती काढताना एक शेजारीण म्हणाली, “पाखरांसाठी लावालीस आणि पाखरांचंच काढालीस?” तिचं बरोबर होतं. म्हणून जिथे धायटी, करवंद, निर्गुडी कमरेएवढी झाली तिथलीच घाणेरी खणून काढायची, बाकीची तोवर राहू द्यायची, असं ठरवलं. अजूनही माळाच्या वरच्या कोपऱ्यात ती आहे. उपाशी ठेवून जंगल होत नाही असं मला वाटतं.

गुरांनी धायटीला फारसं तोंड लावलं नाही. शेळ्यांनी एप्रिलमध्ये शेंडे खुडले, कारण तेव्हा हिरवं दुसरं काही नव्हतं. कुंपण परवडत नव्हतं. रोपांवर करवंदाच्या काटेरी फांद्या टाकल्या, तेवढ्यावर भागलं.

वणवा

मार्च २०२२. वरच्या बाजूला कुणीतरी काजूखालचा पाला जाळला आणि दुपारचा वारा सुटला. आम्ही हिरव्या फांद्यांनी झोडपत राहिलो, पण जिथे रानमोडी उभी होती तिथे आग उड्या मारत गेली. तिसऱ्या हिश्श्याची रोपं काळी पडली. जाळणाऱ्याने माफी मागितली, आणि मला त्याचा राग धरून ठेवता आला नाही, कारण आमच्याकडे सगळेच जाळतात, आमच्या घरानेही जाळलेलं आहे.

मी ती जागा सोडून द्यायला निघाले होते. दीर म्हणाले, पाऊस बघू. पावसापर्यंत थांबावंही लागलं नाही. मे महिन्यात, एका वळवानंतर, जळक्या बुंध्यांच्या अगदी मातीलगत तांबूस कोंब आले. एकाच्या जागी पाच, सात. जी रोपं सरळसोट वाढत होती ती जळून झुडपं झाली. सगळी नाही, ज्यांची मुळं खडकावर उथळ होती ती गेली. पण ज्यांनी वर्षभर खाली मुळं धरली होती ती उठली. तेव्हापासून फेब्रुवारी लागायच्या आत आम्ही वरच्या हद्दीला दहा फुटांचा पट्टा साफ ठेवतो. तो पाला जाळत नाही, काजूच्या बुंध्यांना घालतो.

कात्री

हा दोष सर्वस्वी माझा. २०२२ च्या दिवाळीनंतर घराकडून माळावर जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपं फार पसरली म्हणून मी ती छान छाटून घेतली. गोल, टुमदार. सगळ्यांनी वाखाणली.

जानेवारीत ओढ्याकाठची धायटी पहिल्यांदा फुलली. वाटेकडेची माझी टुमदार रांग हिरवीगार पानं घेऊन उभी, एक फूल नाही. कारण साधं होतं. धायटी नव्या कोवळ्या शेंड्यावर फुलत नाही; पावसाळ्यात वाढून पक्की झालेल्या काडीवर, पानांच्या बगलेत, काडीच्या अंगाला चिकटून तिचे झुपके येतात. मी नेमकी तीच काडी कापून टाकली होती. छाटायचंच असेल तर फुलं संपून बी गळल्यावर, मे महिन्यात, पावसाच्या आत. मग पावसाळाभर तिला नवी काडी करायला मिळते. त्या वर्षी वाटेवरून जाताना शिंजीर त्या रांगेवर येऊन, दोन उड्या मारून, परत जाताना मी बघितले.

आता माळावर

मी सकाळी साडेसात ते आठ एका ठरलेल्या पुंजक्यासमोर बसते, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्च संपेपर्यंत, सुट्टीच्या दिवशी. वहीत लिहिते. पहिले येतात जांभळे शिंजीर. नर सावलीत काळा दिसतो. उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. तो फांदीवर उलटा लटकून खालच्या नळीत चोच घालतो, आणि दुसरा नर दिसला की फुलं सोडून आधी त्याच्या मागे. त्यांच्या गडबडीत छोटा शिंजीर येतो, पश्चिम घाटाबाहेर कुठेच न सापडणारा, अंगठ्याएवढा, पाठ किरमिजी. त्याला मोठे हुसकावतात. तो झुडपाच्या पोटात शिरतो, जिथे मोठ्यांना फांद्या आड येतात, आणि तिथली फुलं पितो. दाट पुंजके लावण्याचा हा फायदा मी आधी मोजला नव्हता. मग चष्मेवाल्यांचा थवा, फुलटोचे, शिपाई बुलबुल, कधी पर्णपक्षी. नऊनंतर पाखरं पांगतात आणि माश्यांची पाळी. सातेरी, फुलोरी, दुपारकडे आग्या. मोठे काळे भुंगे नळीच्या तोंडाशी जातच नाहीत. बुडाशी चीर पाडून मध चोरतात. अशी चिरलेली नळी दाखवली की शाळेतली पोरं सगळ्यांत जास्त खूष होतात, आणि मग एकेक नळी तोडून स्वतः चोखून बघतात. मी थांबवत नाही.

दिरांचं म्हणणं, फेब्रुवारीत पेट्यांतल्या चौकटी पूर्वीपेक्षा भरलेल्या दिसतात. त्यात धायटीचा वाटा किती आणि त्यांनी पेट्यांची जागा बदलली त्याचा किती, हे मी सांगू शकणार नाही. पेट्यांच्या दारात पाय पिवळे करून येणाऱ्या माश्या तेवढ्या दिसतात.

एक पेच मात्र नवा आला. धनगर वाड्यावरची एक मावशी धायफुलं गोळा करून व्यापाऱ्याला देते, औषधवाल्यांसाठी. दोन वर्षांपूर्वी ती आमच्या दारात आली. “अक्का, डोंगरातली फुलं लांब पडत्यात गं. तुझ्या माळावरची घिऊ काय?” नाही म्हणायला माझ्या तोंडात शब्द आला होता. मग वाटलं, हिच्या आजीने, पणजीने याच फुलांवर मीठ-मिरची आणली असेल. आम्ही असं ठरवलं: ओढ्याकाठची रांग पाखरांची, तिला हात नाही. बांधाकडची तिची, पण फांदी मोडायची नाही आणि झुपका निम्मा ठेवायचा, कारण बी त्याच नळीत पिकतं. पहिल्या वर्षी ती निम्म्याहून जास्त घेऊन गेली आणि आमचं बोलणं झालं. गेल्या वर्षी तिने स्वतःच येऊन दाखवलं, कुठल्या झुडपाची किती ठेवली ते. वरच्या उतारावरची जुनी झुडपं कुठे आहेत हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आता बी गोळा करायला मी तिच्याबरोबर जाते.

राहून गेलेली गोष्ट एकच होती. काही वर्षं फुलून, बी गळूनही, माळावर आपोआप उगवलेलं एक रोप दिसत नव्हतं. झुडपांखाली पालापाचोळा, गवत. बी मातीपर्यंत पोचतच नसणार. म्हणून गेल्या मे महिन्यात ओढ्याच्या वरच्या कडेला दोन हात रुंदीचा पट्टा फावड्याने खरवडून उघडा केला, खाली जांभा दिसेपर्यंत. जुलैत तिथे नुसतं शेवाळ होतं. ऑक्टोबरात, रताळी काढायला जाताना, मी सवयीने वाकून बघितलं. म्हशीच्या खुराने उमटलेल्या एका खळग्याच्या कडेला, पाणी जिथे रेंगाळलं होतं तिथे, बोटभर उंचीची सात रोपं होती. मी एक पान उलटलं आणि मामांना हाक मारली. ते काठी टेकत आले, वाकले, आणि या वेळी त्यांना ती दिसली.